अवंतीचा मठ आणि अबूचा शिलालेख

क्षिप्रातीरीच्या मठांचा मागोवा घेऊ लागले असता प्रथम साक्ष मिळते ती चिनी यात्रिक ह्युएनत्संग याची. सातव्या शतकात त्याने उज्जयिनीचे जे वर्णन केले आहे, त्यात संघाराम पुष्कळ, पण बहुतेक मोडकळीस आलेले. तीनपाच तेवढे नांदते, आणि त्यांत सुमारे ३०० भिक्षू राहत. याच नगरीत जन्मलेला पंडित परमार्थ इ. स. ५४६ मध्ये समुद्रमार्गाने चीन देशी पोहोचला व ५६९ मध्ये देह ठेवीपर्यंत संस्कृत ग्रंथांची भाषांतरे करीत राहिला.

शैव मठांची हकीकत याहून मनोवेधक आहे. ती उज्जयिनीत नव्हे, दूर अबूच्या डोंगरावर कनखल येथे कोरलेली सापडते. विक्रम संवत १२६५, म्हणजे इ. स. १२०८ चा हा शिलालेख अवंतीच्या चंडिकाश्रमाची गुरुपरंपरा देतो : तापस, वाकलराशी, ज्येष्ठजराशी, योगेश्वरराशी, मौनिराशी, योगेश्वरी, दुर्वासराशी आणि केदारराशी. यांतील योगेश्वरी ही तपस्विनी होय. पुरुषांच्या मालिकेत तिचे नाव कोणतीही सबब न सांगता, क्रमाने आले आहे; स्त्रीला मठपरंपरेत स्थान नव्हतेच असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा लेख अवश्य पाहावा. केदारराशीने कनखलच्या कोटेश्वराचा जीर्णोद्धार केला, नवी शिवालये उठविली. त्याची बहीण मोक्षेश्वरी हिनेही एक शिवमंदिर बांधले.

पुढे सव्वीस-सत्तावीस वर्षांतच, १२३४-३५ च्या सुमारास, अल्तमशाच्या स्वारीत महाकालाचे मंदिर उद्ध्वस्त झाले. चंडिकाश्रमाची वास्तू आज उभी नाही.

आयर्लंड देशात याच्या उलट प्रकार दिसतो. तेथील मेलिफाँटचा ख्रिस्ती मठ ११४२ मध्ये स्थापन झाला आणि आठव्या हेन्रीच्या अमदानीत १५३९ मध्ये बंद पाडण्यात आला. तेथे साधूंनी हात धुण्याचे अष्टकोनी दगडी घर भग्नावस्थेत अजून पाहावयास मिळते; ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांचा क्रम मात्र खुंटला. इकडे भिंत राहिली नाही, पण आठ गुरुशिष्यांची नावे ओळीने वाचता येतात.

महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभारले. तेथील भस्मार्चनाचा मान महानिर्वाणी आखाड्याकडे आहे. हे संन्यासी दशनामी, चंडिकाश्रमाचे तापस राशि-नामधारी. दोन्ही परंपरा एकच मानणे इतिहासास धरून होणार नाही. तथापि दोघांचे उपास्य एकच, आणि क्षिप्राही तीच.