झोपाळ्याचं टेबल

रत्नागिरीचं जुनं घर पाडून नवं बांधलं, तेव्हा झोपाळ्याची सागवानी फळी आणि तिच्या जाड पितळी पट्ट्या बाबांनी कुणाला नेऊ दिल्या नाहीत. मी त्यांचंच अंगणात ठेवायला टेबल केलं. पाय त्या पट्ट्यांनी जोडले. स्क्रू मात्र साधे लोखंडी, वरून चकचकीत मुलामा दिलेले.

दुसऱ्या पावसाळ्यात बाबा कोपर टेकून पेपर वाचत होते आणि एक पाय निखळला. चहा सांडला, बाबा थोडक्यात वाचले. (आई मला काय म्हणाली ते इथे लिहीत नाही!)

खोलून बघतो तर पट्ट्या शाबूत आणि त्यांतल्या स्क्रूंच्या गंजून काड्या झालेल्या. गंमत म्हणजे त्याच पुडीतले, नुसत्या लाकडात मारलेले स्क्रू बरे होते.

मग आठवलं 'अलार्म' जहाज. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचावासाठी ब्रिटिश आरमाराने 1761 साली या फ्रिगेटच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले, तेही लोखंडी खिळ्यांनी. वेस्ट इंडीजहून परतल्यावर 1763 मध्ये तपासणी झाली. किड्यांचा उपद्रव नव्हता, पण खिळे पार खाल्ले गेले होते. काही खिळे मात्र धड होते. का? पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे तिथे खिळा आणि पत्र्यामध्ये राहून गेले होते!

गॅल्वानीचा बेडकाच्या तंगड्यांवरचा निबंध आला 1791 साली. म्हणजे असल्या विजेचा पत्ता नसताना कागदाच्या कपट्याने उत्तर दिलं होतं: दोन धातू एकमेकांना लागू देऊ नका. खाऱ्या ओलाव्यात लोखंड आणि तांबं (किंवा पितळ) भिडलं की वीजघट तयार होतो आणि झिजतं ते लोखंड. त्यात पट्टी मोठी, स्क्रू इवलासा. सगळी झीज त्याच्या वाट्याला. आरमाराने पुढे 1780 च्या दशकात बोल्टच तांब्याच्या मिश्रधातूचे केले.

दुकानदार 304 स्टेनलेस देत होता. मी हट्टाने 316 घेतले. त्यात मॉलिब्डेनम असतं, समुद्राच्या हवेत ते जास्त तग धरतं. आता झीज झालीच तर पट्टीची होईल, आणि ती चांगली जाड आहे. तरी मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातलेच.

बाबा पुन्हा तिथे बसायला लागलेत. चहाचा कप मात्र अजून हातातच धरतात.