एक नंबरची कुस्ती

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय मल्लांनी तीन सुवर्णपदकं जिंकली. त्यांतली दोन सांगली जिल्ह्यातली, आणि तीही वजनांच्या यादीत सगळ्यात शेवटच्या दोन ओळींवरची. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर ९७ किलोंच्या वरच्या गटात ग्रीको-रोमन जिंकले आणि मिरज तालुक्यातल्या कवठे पिरानचे मारुती माने ९७ किलोंच्या गटात फ्रीस्टाइल. वर दोघांनी आपापल्या गटात दुसऱ्या प्रकारातलं रौप्यही आणलं. ग्रीको-रोमनमध्ये कमरेच्या खाली हात लावायला बंदी. लहानपणापासून पट काढत वाढलेल्या गड्याला ती कुस्ती खेळ म्हणणं म्हणजे उजवा हात बांधून जेवायला बसवणं. तरी आंदळकरांचं सोनं नेमकं त्याच प्रकारातलं.

एका जिल्ह्यातून एकाच वेळी असे दोन अवजड मल्ल निघतात कसे? कृष्णा-वारणेचं पाणी, म्हशीचं दूध, बदामाची थंडाई, हे ठरलेलं उत्तर. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. दूध पंजाबातही आहे आणि खानदेशातही. माझ्या मते या वजनाचं मूळ जत्रेच्या हिशेबात आहे. जिला आपण ‘एक नंबरची कुस्ती’ म्हणतो, तिच्या इनामात.

सातारा-सांगलीकडच्या जत्रेचा क्रम अजूनही साधारण तोच आहे. पालखी, छबिना, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कुस्त्यांचा फड. आधी लंगोट सावरणारी बारकी पोरं रेवड्यांवर आणि नारळावर खेळतात. मग दहा-वीस रुपयांपासून इनाम चढत जातं. ऊन कलतं तशी कुस्ती जड होत जाते आणि दिवेलागणीला, हलगी तापलेली असताना, एक नंबरची जोड हौद्यात उतरते. वर्गणीतला सिंहाचा वाटा त्या एका जोडीसाठी राखलेला असतो. पुसेगावचं मैदान घ्या, कुंडलचं घ्या, माणसं दुपारपासून जागा धरून बसतात ती या शेवटच्या कुस्तीसाठी.

या सगळ्या प्रकारात तराजू कुठेच नाही. जोड लागते ती नजरेनं. एखादा गडी हात वर करून फडात फिरतो. गर्दीतून दुसरा उठतो, सदरा काढून शेजाऱ्याच्या हातात देतो आणि त्याला हात देतो. पंच दोघांना शेजारी उभं करतात. एखादा जुना वस्ताद मान, छाती, मांड्या न्याहाळतो. कडेला बसलेली माणसं ओरडतात, ‘थोराड आहे की रं तो, पोराला कशाला मारतायसा!’ मग जोड मोडते. पटली तर इनामाचा आकडा पुकारला जातो आणि दोघे खाली वाकून माती उचलतात. निकाली ठरली असेल तर पाठ लागेपर्यंत खेळायचं, गुणबिण नाहीत.

आता पैलवानाच्या घरचा हिशेब मांडा. साठ किलोंचा गडी कितीही चपळ असला, ढाक लावण्यात कितीही पटाईत असला, तरी त्याची जोड साठ-पासष्टातच लागणार आणि त्याची कुस्ती चार वाजता उरकणार. पत्रकावर ठळक अक्षरांत नाव यायचं तर अंग भरलंच पाहिजे. म्हणून ज्याचा सांगाडा साथ देईल त्याला वस्ताद खुराकावर चढवतात, बाप एखादी म्हैस वाढवतो, वेळ पडली तर रान गहाण टाकतो. वजन ही इथं गुंतवणूक होती. पिढ्यानपिढ्या मोठा पैसा एकाच टोकाला ठेवला, तर त्या टोकाला गर्दी होणारच.

इंग्लंडातल्या मुष्टियुद्धाची सुरुवात काही वेगळी नव्हती. अठराव्या शतकात तिथे इनामावर उघड्या मुठींनी लढायचे. वजनाचे गट नव्हते, जो जिंकेल तो ‘चॅम्पियन’. गटांची आठ खणांची पक्की मांडणी लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबनं १९०९ मध्ये केली. ‘हेवीवेट’ हा त्यातला शेवटचा खण, म्हणजे वर मर्यादा नसलेला. जुना ‘चॅम्पियन’ त्यात जाऊन बसला आणि त्याच्याबरोबर लोकांचं प्रेम आणि पैसाही गेला. गंमत अशी की १८९७ मध्ये जगाचा हेवीवेट विजेता झालेला, इंग्लंडात जन्मलेला बॉब फिट्झसिमन्स जेमतेम ७६ किलोंचा होता. त्याच्यानंतर ब्रिटनमध्ये जन्मलेला हेवीवेट जगज्जेता व्हायला लेनॉक्स लुईसची वाट पाहावी लागली, नव्वद-एक वर्षं. पुढे टायसन फ्युरी, अँथनी जोशुआ असे धिप्पाड गडी आले आणि स्टेडियमं भरू लागली. इनाम एका जागी साचलं की माणसंही तिथेच साचतात, हे लंडनला लागू आणि कुंडललाही.

त्या लंडननं आपल्याकडच्या मल्लाची परीक्षाही आधी नजरेनंच घेतली. १९१० मध्ये गामा तिथे गेला तेव्हा उंचीनं कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात. त्यानं उघड आव्हानं दिली, समोर आलेल्यांना लोळवलं, तेव्हा दार उघडलं. १० सप्टेंबरला पोलंडचा झ्बिश्को त्याच्यासमोर अडीच तासांहून जास्त वेळ बहुतेक पालथाच पडून राहिला. आपल्या जत्रेत असं झालं असतं तर पंचांनी दोघांना उठवून सोडवलं असतं आणि पब्लिकनं काय केलं असतं ते लिहीत नाही.

जत्रेच्या या हिशेबाला राजाश्रयाची जोड मिळाली ती कोल्हापुरात. युरोपच्या दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहून आलेल्या शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, १९१२ मध्ये ते सुरू झालं. उत्तरेचे नामांकित मल्ल तिथे आले, त्यांना पोसलं गेलं आणि सातारा-सांगलीची पोरं वळकटी घेऊन कोल्हापूरच्या तालमींत जाऊ लागली. पुनवतचा गणपतही तसाच गेला आणि पुढे मोतीबाग तालमीचा वस्ताद झाला. संस्थानं विलीन झाल्यावर राजाश्रयाची जागा जत्रा कमिट्यांनी आणि नंतर साखर कारखान्यांनी घेतली. देणारा बदलला, पण पैसा पडायचा तो जडावरच.

तराजू आला तो ऑलिंपिकच्या वाटेनं, आणि त्याचा पहिला मोठा लाभ कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना झाला. १९४८ ला लंडनमध्ये ते ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोंच्या बँटमवेटमध्ये कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला तिच्यातला दुसरा भाग जास्त खुपतो. सत्तावन्न किलोंच्या माणसासाठी आपल्या फडात मोठी थैली नव्हतीच. गोळेश्वरनं वर्गणी दिली, स्टेशनावरून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली, सगळं खरं. पण कुस्तीचं अर्थकारण तसूभर हललं नाही. आपल्या भागाचं कुस्तीतलं एकुलतं ऑलिंपिक पदक हलक्या गड्याचं आणि आपला सगळा जीव जड गड्यावर, हा विरोध आजही तसाच आहे.

उलट नवे किताब आले तेही एक नंबरच्याच साच्यात. आधी हिंदकेसरी सुरू झाली. १९५९ ला ती श्रीपती खंचनाळे यांनी मारली, दुसऱ्या वर्षी आंदळकरांनी आणि १९६४ ला मारुती मान्यांनी. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकारानं १९५३ मध्ये उभ्या राहिलेल्या राज्य कुस्तीगीर परिषदेनं १९६१ ला महाराष्ट्र केसरी भरवली आणि पहिला मान सांगली जिल्ह्याच्या दिनकर दह्यारींना गेला. स्पर्धेत वजनगट असतात, प्रत्येक गटात पदकंही असतात. पण गदा एकच, आणि ती वरच्या खुल्या गटाची. मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी भिडतात ते तिच्यासाठी. सत्तर किलोंत राज्यात पहिला कोण आला, हे त्याच्या तालमीबाहेर फारसं कुणाला सांगता येत नाही. चंद्रहार पाटलांनी २००७ आणि २००८ ला गदा आणली, ते मात्र विट्याच्या शाळकरी पोरालाही माहीत.

या खुल्या गटालाही आता झाकण बसलं आहे. आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तीनं १९८५ पासून वरची हद्द १३० किलो केली, पुढे १२० आणि २०१४ पासून १२५. महाराष्ट्र केसरीही ८६ ते १२५ मध्येच खेळली जाते, म्हणजे अंग वाढवायलाही आता सीमा आहे. स्पर्धेपुरती. २०२२ ला स्पर्धा साताऱ्यात झाली, १९६३ नंतर पहिल्यांदा. त्रेसष्ट साली तिथली गदा निकालाविना राहिली होती. २०२२ ला पृथ्वीराज पाटील जिंकला, आणि गदेसोबत रोख इनाम नाही म्हणून जो गदारोळ उठला त्यावरून कळलं की लोकांच्या लेखी चांदीपेक्षा थैली अजून मोठी आहे. २०२३ च्या मार्चमध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि गदा तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं घरातच ठेवली.

जत्रेच्या फडात अजून वजनकाटा नाही. एक नंबरची जोड आता नजरेवर नाही, महिनाभर आधी फोनवर ठरते. समोरचा गडी हरियाणाचा असतो, पंजाबचा असतो, कधी थेट इराणचा. इनाम लाखांत गेलं आहे. त्या गड्याचं वजन किती हे कमिटीतलं कुणी विचारत नाही. विचारतात ते इतकंच, की तो पब्लिकला भारी दिसेल ना.