टॉनिकचा डबा, थंडी आणि आपली काजू-चारोळीची रोपं

मुकुटबन आणि झरी जामणी तालुक्यातल्या सगळ्या कास्तकार बंधू-भगिनींसाठी ही पोस्ट. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

थंडी वाढली की कृषी केंद्रात हमखास एक प्रश्न येतो, "भाऊ, नवीन रोपं जळू नये म्हणून टॉनिक कोणतं मारू?" उत्तराआधी या टॉनिकचा इतिहास पाहू.

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. चारोळी आणि बिब्बा मात्र आपल्याच जंगलातले, आणि तिन्ही आंब्याच्या कुळातले. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीला फळबाग जोडली अन् कोरडवाहू वावरातही कलमं आली. २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर योजना आहे. तिचं अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, तेही झाडं जगली तरच. म्हणजे एका थंडीत रोपं गेली की मेहनतही गेली अन् पुढचा हप्ताही अडकला.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कुठं बर्फ पडतो? पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. अन् निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षाही थंड असते. कोवळं रोप नेमकं तिथंच उभं असतं. पेशींच्या बाहेरचं पाणी आधी गोठतं, तो बर्फ आतलं पाणी ओढून घेतो अन् पेशी आकसून मरतात. काजूला तर शून्याच्या वरचीही कडक थंडी सोसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तुर्कस्तानात, जिथं जगातलं सर्वात जास्त हेझलनट पिकतं, तिथं कडाक्याच्या थंडीनं बागा झोडपल्या. आपण तर कोरडवाहू माणसं.

आता टॉनिक. समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्लं, ह्युमिक आम्ल ही यातली मुख्य मंडळी. हे खत नाही अन् औषधही नाही. झाडाची ताण सोसायची ताकद वाढवणारं ते पूरक आहे. म्हणूनच ते वर्षानुवर्षं कायद्याच्या फटीत राहिलं. कीटकनाशकांना १९६८ चा कायदा होता, खतांना १९८५ चा आदेश. टॉनिकला दोन्हीकडे जागा नव्हती. डब्यात काय आहे हे विचारायचं कोणी?

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं खत नियंत्रण आदेशात जैवउत्तेजकांचा समावेश केला. घटकांची माहिती, विषारीपणाची तपासणी, शेतातल्या चाचण्या असे नियम आले. त्यात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या वर नको, असंही ठरलं. २०१७ ला आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसपेक्षा जास्त जीव गेले. डब्यात न सांगितलेलं विष असणं किती महागात पडू शकतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तात्पुरत्या परवान्यांची मुदत वाढत वाढत १६ जून २०२५ ला संपली. त्यानंतर केंद्रीय कृषिमंत्र्यांनीच सांगितलं की एकेकाळी सुमारे ३०,००० उत्पादनं विकली जात होती, ती आता ६५० च्या आसपास उरली. मग बाकीच्यांवर आपण इतकी वर्षं किती पैसे घातले? युरिया-डीएपीसोबत लिंकिंग करून गळ्यात मारलेले डबे आठवा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. टॉनिक वाईट नाही, पण ते शेवटी येतं. आधी संध्याकाळी हलकं पाणी द्या, कारण ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते. तुराटी-पऱ्हाटीचा आडोसा करा, पूर्वेकडून ऊन येऊ द्या. बुडाशी कुटार पसरवा, पण खोडाला चिकटवू नका. थंडीच्या तोंडावर युरिया टाकू नका, नाहीतर कोवळी फूट येते अन् तीच आधी जळते. एवढं करून टॉनिक द्यायचंच असेल तर थंडीची लाट यायच्या आधी द्या. करपलेलं पान त्यानं परत हिरवं होत नाही.

दुकानात तीन गोष्टी विचारा. हे मंजूर जैवउत्तेजक आहे का? कोणत्या पिकासाठी मंजूर आहे? पक्कं बिल देता का? पिकाच्या यादीत आपलं झाड नसेल तर पैसे खिशात ठेवा. जबरदस्ती झाली तर कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, अन् पोच घ्या.

कायदा यायला इतकी वर्षं लागली. आता तो वापरायचा की नाही, हे आपल्या हातात आहे. तुमच्या वावरात मागच्या थंडीत किती रोपं वाचली अन् कशानं, ते खाली लिहा. दुसऱ्याच्या कामी येईल.