२९९ रुग्ण आणि ७० लाखांचा आकडा

१९९३ साली ‘रुमॅटॉलॉजी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात चार पानांचा एक लेख छापून आला. लेखक पाच, पहिले नाव दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. ए. एन. मालवीय यांचे. विषय होता प्रौढ भारतीयांमधले आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण. भारतात या आजाराचे सुमारे ७० लाख रुग्ण असावेत, असा अंदाज लेखाच्या गोषवाऱ्यात दिलेला आहे. संधिवातावरच्या पुढच्या भारतीय लिखाणात या लेखाचा दाखला वारंवार येतो. मूळ लेखात प्रत्यक्ष तपासून निश्चित केलेले रुग्ण होते २९९. या २९९ माणसांचे ७० लाख कसे झाले, हे त्या लेखातल्याच आकड्यांवरून बऱ्यापैकी जुळवता येते.

आधी जागा. सर्वेक्षण झाले दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात. हरियाणातल्या बल्लभगडला या संस्थेचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प १९६५ पासून चालू होता आणि लेखकांपैकी कपूर तिथल्याच सामाजिक वैद्यकाच्या कामाशी जोडलेले होते. अशा प्रकल्पाचा मोठा फायदा म्हणजे आरोग्य कार्यकर्ता उंबऱ्यावर आला तर तो कोण हे विचारावे लागत नाही. सोळा वर्षांवरच्या ४४,५५१ जणांपर्यंत पोचायचे ठरले होते. घरोघर फिरून प्रश्नावली भरण्याचे काम केले दोन प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी. होय, दोघांनीच. प्रतिसाद ८९.५ टक्के मिळाला. आमवाताचा संशय घेण्यासारखे ३,३९३ लोक या दोघांनी निवडले, त्या सर्वांना लेखकांनी स्वतः तपासले आणि त्यांतून २९९ जण अमेरिकी संधिवात संघटनेच्या १९८७ च्या निकषांत बसले. प्रमाण निघाले ०.७५ टक्के.

आता भागाकार करून पाहू. २९९ ला ४४,५५१ ने भागले तर ०.६७ येतात, ०.७५ नाही. पण ४४,५५१ चे ८९.५ टक्के काढले तर ३९,८७० च्या आसपास संख्या मिळते आणि २९९ ला तिने भागले की बरोबर ०.७५ निघतात. म्हणजे छेदात फक्त भेटलेले लोक धरले आहेत. यात गैर काही नाही. रोगप्रमाणाच्या सर्वेक्षणांत असेच करतात. मात्र त्यात एक गृहीत दडलेले आहे: जी सुमारे ४,७०० माणसे भेटली नाहीत, त्यांच्यातही आजाराचे प्रमाण तेवढेच असणार. घरोघरच्या पाहणीत न भेटणारा माणूस बहुधा कामावर गेलेला असतो, आणि हातापायाचे सांधे सुजलेला माणूस घरी सापडण्याचा संभव अधिक. हा माझा तर्क आहे. तो खरा असेल तर खरे प्रमाण ०.६७ आणि ०.७५ यांच्या मध्ये कुठेतरी पडते. फरक फार मोठा नाही.

मोठी उडी त्यानंतर येते. १९९१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या सुमारे ८४.६ कोटी होती. (त्या वर्षी जम्मू-काश्मीरमध्ये शिरगणती झालीच नाही, तिथली संख्या अंदाजाने धरली गेली. तेव्हा पायाचा आकडाही सगळा मोजलेला नव्हता.) तिचे ०.७५ टक्के म्हणजे ६३ लाखांच्या आसपास. ७० लाख व्हायला लोकसंख्या ९३ कोटी असावी लागते. शिवाय ०.७५ हे प्रमाण प्रौढांचे आहे आणि गोषवाऱ्यात ते स्पष्ट शब्दांत संपूर्ण लोकसंख्येला लावलेले आहे. त्या जनगणनेत पंधरा वर्षांखालची मुले सुमारे ३७ टक्के होती. त्यांना वगळले तर ५३ कोटी उरतात आणि रुग्ण होतात ४० लाख. मुलांनाही संधिवात होतो, पण तो वेगळा आजार म्हणून मोजतात आणि त्याचे प्रमाण पुष्कळ कमी असते. म्हणजे लेखातलेच प्रमाण जसेच्या तसे मान्य करूनही ७० लाखांमधले ३० लाख हिशेबाच्या पद्धतीतून आलेले दिसतात.

हे लिहिताना त्या पाच जणांना कमी लेखण्याचा हेतू नाही. जवळजवळ चाळीस हजार माणसांना विचारून, तीन हजारांहून अधिक लोकांचे सांधे तज्ज्ञांनी तपासलेले असे काम देशात दुर्मीळ होते. आणि त्यांनी वापरलेला गज तर मुळात अशा मोजणीसाठी घडवलेलाच नव्हता. १९८७ चे निकष ठरवले ते रुग्णालयांत येणाऱ्या २६२ आमवाताच्या रुग्णांची २६२ इतर रुग्णांशी तुलना करून. एकूण सात खुणा, त्यांपैकी चार असल्या तर आमवात: सकाळी तासभर तरी राहणारा ताठरपणा, तीन किंवा अधिक ठिकाणच्या सांध्यांची सूज, हातांच्या सांध्यांची सूज, दोन्ही बाजूंना सारखीच सूज, कातडीखालच्या गाठी, रक्तातला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, क्ष-किरण चित्रातले बदल. यांतल्या पहिल्या चार खुणा किमान सहा आठवडे असायला हव्यात. रुग्णालयात येणारा माणूस दुखणे वाढले की येतो. दारात गाठलेला माणूस त्या दिवशी बरा असू शकतो, आणि मग मोजणीतून निसटतो. त्यामुळे ०.७५ ला एका बाजूने कात्री लावता येते तशी दुसऱ्या बाजूने भरही घालता येते.

याच गटाने त्याच वर्षी दुसरा लेख छापला, ल्युपस या आजारावरचा. दिल्लीजवळच्याच ग्रामीण भागातली ९१,८८८ माणसे, आणि त्यांत ल्युपसचे रुग्ण सापडले तीन. लाखामागे साधारण तीन, असे प्रमाण त्यांनी मांडले. तीनावरून देशाचा आकडा काढणे किती डळमळीत, हे कुणालाही दिसते. २९९ वरून काढलेला आकडा मात्र भरभक्कम वाटतो. पण दोन्हींची मूळ अडचण एकच: जागा एक, देश मोठा.

आमवाताच्या लेखाच्या शेवटी एक निष्कर्ष आहे जो मला सर्वांत कच्चा वाटतो. हे प्रमाण चीन, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि ग्रामीण आफ्रिकेपेक्षा जास्त आहे, विकसित देशांच्या जवळचे आहे, आणि उत्तर भारतीय लोक वंशाने गोऱ्यांच्या अधिक जवळ असल्याशी ते सुसंगत आहे, असे त्यात म्हटले आहे. सर्वेक्षणात मोजले गेले ते सांधे. वंशाची बाब बाहेरून आणून जोडलेली आहे.

तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला दुसऱ्या प्रकारचे काम झाले. इंदापूर तालुक्यातले हे गाव आज उजनीच्या फुगवट्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. संधिवाताच्या जागतिक साहित्यात त्याची ओळख त्याआधीची. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी १९८१ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम आखला होता, विकसनशील देशांत कमी खर्चात, समाजात जाऊन सांध्यांचे आजार मोजण्यासाठी. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो भिगवणला राबवला. घरोघरची विचारपूस, प्रश्नावली आणि तज्ज्ञांची तपासणी हे तिन्ही टप्पे एकापाठोपाठ एक न घेता एकाच वेळी चालवले आणि पाच आठवड्यांत काम उरकले. ही पद्धत पुढे ‘भिगवण मॉडेल’ म्हणून इतर ठिकाणच्या पाहण्यांनी उचलली.

दोन्ही कामांतला खरा फरक पहिल्या प्रश्नात आहे. बल्लभगडच्या कार्यकर्त्यांना एक विशिष्ट आजार हुडकायचा होता. भिगवणला आधी विचारले ते एवढेच: दुखते का आणि कुठे? माणसाच्या छापील आकृतीवर दुखरी जागा दाखवायची. रोगाचे नाव नंतर, तज्ज्ञाने द्यायचे. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते, म्हणजे १८.२ टक्के. त्यांत आमवात किती? सुमारे अर्धा टक्का प्रौढांना, गावाच्या हिशेबात वीसेक माणसे. सांध्यांच्या झिजेचे प्रमाण साधारण ५.८ टक्के आणि स्नायू-कंडरांच्या दुखण्यांचे ५.५ टक्के.

७४६ मधले वीस. बल्लभगडच्या पद्धतीने गेलो असतो तर ही वीस माणसे हाती लागली असती आणि उरलेली सातशेवर संशयित म्हणून तपासून घरी गेली असती. तिथल्या ३,३९३ मधल्या ३,०९४ लोकांचे तेच झाले. प्रश्नावलीला संशय यावा इतपत त्रास त्यांनी सांगितला होता. पण लेखाचा प्रश्न वेगळा होता, म्हणून छापील गोषवाऱ्यात त्यांचे अस्तित्व वजाबाकीपुरतेच आहे.

पुढे देशाच्या निरनिराळ्या भागांत कॉपकॉर्डच्या पाहण्या झाल्या, त्यांतल्या पुष्कळशा २००० ते २०१० या ‘अस्थी-संधी दशका’त. त्या एकत्र करून, वय आणि लिंग यांचा मेळ घालून आमवाताचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश टक्का निघाले, म्हणजे १९९३ च्या निम्म्याहून कमी. मधल्या काळात आजार ओसरला असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. पद्धत, प्रश्न, गावे, सगळेच वेगळे होते.

झिजेच्या बाबतीत तुलना याहून अवघड आहे. २०२२ साली छापलेल्या एका अभ्यासात भारतातले सांध्यांच्या झिजेचे रुग्ण १९९० मध्ये २.३५ कोटी होते ते २०१९ मध्ये ६.२३ कोटी झाले, असा अंदाज आहे. हा आकडा जागतिक रोगभार प्रकल्पाच्या गणिती प्रतिमानातून आलेला आहे, आणि जिथे पाहणी झालेली नाही तिथली जागा असे प्रतिमानच भरून काढते. त्यात झीज म्हणजे दुखणारा सांधा आणि शिवाय क्ष-किरणात दुसऱ्या किंवा वरच्या श्रेणीचे बदल. ही श्रेणी मँचेस्टरच्या केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडली: शून्य ते चार, आणि हाडाला फुटलेला कोंभ निश्चित दिसला की दोन. भिगवणच्या निदानाची मुख्य भिस्त होती तज्ज्ञाच्या हातावर आणि डोळ्यावर. त्यामुळे भिगवणचे ५.८ टक्के घेऊन देशाच्या प्रौढ लोकसंख्येला गुणायचे आणि उत्तर ६.२३ कोटींच्या शेजारी ठेवायचे, हा मोह टाळलेला बरा.