कुत्र्याचे भय

‘कुत्र्याचे भय’ या दोन शब्दांचे मराठीत दोन अर्थ होतात. कुत्र्यापासून माणसाला वाटणारे भय हा एक, आणि खुद्द कुत्र्याला वाटणारे भय हा दुसरा. व्याकरणाने दोन्ही अर्थांना सारखाच मान दिला आहे. इतिहासाने मात्र दिलेला नाही. पहिल्या भयापायी मुंबईत कायदे झाले, दंगा झाला, लस तयार झाली. दुसऱ्याची दखल घ्यायला आपल्याला फार उशीर लागला.

आपल्या प्राचीनांना ते ठाऊक नव्हते असे मात्र नाही. महाभारताच्या आदिपर्वात, मुख्य कथा धड सुरूही झालेली नसते तोच, मार खाल्लेले एक कुत्रे रडत येते. कुरुक्षेत्री जनमेजयाचे सत्र चालू असते. सरमेचे पिल्लू तेथे जाते आणि राजाचे भाऊ त्याला बडवून काढतात. आईला आधी वाटते, याचाच काही अपराध असणार. पिल्लू सांगते, मी हवीकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटणे तर दूरच! तेव्हा सरमा भर सत्रात जाऊन राजाला शाप देते. हा शाप मरणाचा नाही, दारिद्र्याचाही नाही. न दिसणाऱ्या भयाचा आहे. ज्याचे कारण डोळ्यांना दिसत नाही ते भय सर्वांत वाईट, हे कुत्र्याच्या आईने नेमके ओळखले होते. राजा त्या शापाने इतका हादरला की तो निवारण्यासाठी पुरोहित शोधत हिंडला.

आता मुंबईत येऊ. कंपनी सरकारच्या अमदानीत बेवारशी कुत्री मारण्याचे ठराविक दिवस असत, आणि कुत्र्यामागे आठ आणे इनाम असे. आठ आण्यांचा हिशेब सुरू झाला की बेवारशी कोणते आणि पाळीव कोणते, हा विवेक कोण करणार? लोकांच्या दारातली, घरातली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्रा पवित्र. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी म्हणून ‘सगदीद’ नावाचा विधीच आहे. ६ जून १८३२ रोजी कोटातल्या पारशांचा संयम सुटला आणि त्यांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, कुलाब्याच्या छावणीची रसद अडलेली, आणि शेवटी रस्त्यावर लष्कर! या प्रकरणानंतर दोनच वर्षांत, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला. गिरगावातली मुले तिथे गाईंना चारा घालायला जातात. त्या आवाराच्या पायाशी कुत्र्यांचा दंगा आहे, हे त्यांच्या आईबापांनाही सहसा ठाऊक नसते.

पांजरापोळाने आसरा दिला. उपचाराची सोय व्हायला आणखी पन्नास वर्षे गेली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने परळला जनावरांचे इस्पितळ बांधले. १८८४ साली लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते ते उघडले, आणि त्याच्या शेजारी १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ते दिवस घोड्यांच्या ट्रामचे आणि बैलगाड्यांचे होते. साहजिकच खूर, खांदा आणि पोट यांना मान पहिला. कुत्र्याची पाळी आली तीसुद्धा मुख्यतः पिसाळण्याच्या भीतीने. जवळच हाफकिन संस्थेत श्वानदंशाची लस तयार होऊ लागली. पोटात घ्यायच्या त्या चौदा इंजेक्शनांची नुसती आठवण निघाली तरी आमच्या पिढीतले लोक अजून पोटावर हात ठेवतात. म्हणजे पुन्हा भय आमचेच!

कुत्र्याच्या भयाकडे शास्त्राने नीट पाहिले ते परळला नव्हे, दूर रशियात, आणि तेही अपघाताने. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. पाव्हलॉव यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी इतके चढले की ती छताशी नाक लावून तरंगत होती. दारे खाली, म्हणून बाहेर काढताना त्यांची डोकी क्षणभर पाण्याखाली दाबावी लागली. सगळी वाचली. पण काहींचे शिकलेले सारे जणू वाहून गेले. महिन्यांनी ती सावरली, तेव्हा दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली आणि एक कुत्रा पुन्हा पहिल्यासारखा झाला. या हकिकतीतली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: ओळखीचा माणूस खोलीत नुसता बसून राहिला की त्या कुत्र्याचे चित्त ठिकाणावर येई.

हे मी वाचले ते माझ्या हातून चूक होऊन गेल्यावर. गिरगावातल्या चाळीत आमच्याकडे मोत्या होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे वाडीत पहिली माळ लागली की तो खाटेखाली शिरे, थंडीतही धापा टाकी, लाळ गाळी, पुढ्यातल्या चकलीला तोंड लावीत नसे. एका वर्षी आम्ही त्याला कोंडून फराळाला गेलो. परत आलो तो दाराची फळी कुरतडलेली आणि खोलीभर घाण. मी त्याला पट्ट्याने मारले. शेपूट पोटात, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो आहे, मधूनच जांभई आणि ओठ चाटणे! याला मी अपराधीपणा समजलो. ते शुद्ध भय होते. माणसाचा कान वीस हजार कंपनांपाशी थांबतो, कुत्र्याचा चाळीस हजारांच्याही पलीकडे जातो. आमची लवंगी माळ त्याला केवढी वाटत असेल!

आता या दुखण्याला औषधेही आहेत. एकटेपणाच्या भयावर क्लोमिप्रामीनला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली, फ्लुओक्सेटीनला २००७ साली. ती पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावीत, कारण आधी कुठे दुखत तर नाही ना, हे पाहावे लागते. पूर्वी सर्रास दिले जाणारे एक गुंगीचे औषध कुत्र्याला फक्त निपचित पाडी. भय आत तसेच राही. घरातली आपल्या झोपेची गोळी तर मुळीच देऊ नये. ‘कुरवाळल्याने भित्रेपणा वाढतो’ हा जुना समजही खोटा ठरला आहे.

पण खरे काम आधीपासून करावे लागते. फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावायचा, त्याच वेळी आवडता घास द्यायचा, आणि आवाज दिवसादिवसाने थोडाथोडा वाढवायचा. कुत्रे दचकले की एक पायरी मागे. हे श्रावणात सुरू करावे. वसुबारसेला जागे होऊन उपयोग नाही.

मोत्या जाऊन पुष्कळ वर्षे झाली. सध्याची काळी कुत्री लालबागच्या रस्त्यावरून आणलेली. विसर्जनाच्या ताशाने तिचे पाय लटपटत. गेल्या लक्ष्मीपूजनाला आम्ही आतल्या खोलीच्या खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला, आणि मी खाटेशेजारी जमिनीवर दिवाळी अंक वाचत बसलो. दहाच्या सुमारास तिने खाटेखालून मान बाहेर काढली आणि अर्धी पोळी खाल्ली. उरलेली सकाळी.