सात स्वारांच्या आधीचे प्रतापराव

१/ सरनौबत प्रतापराव गुजर हे सातारा जिल्ह्यातील भोसरे (ता. खटाव) गावचे. ज्यांना आपल्या मातीतले सुपरहिरो म्हणावे, असे हे व्यक्तिमत्त्व. मात्र गाण्यांत, नाटकांत, चित्रपटांत ते भेटतात ते आयुष्याच्या अखेरच्या काही क्षणांपुरतेच. उरलेले प्रतापराव कोठे हरवले, याचा हा धागा.

२/ २०२२ साली नेसरीच्या प्रसंगावर एका चित्रपटाची घोषणा झाली. त्याच्या पहिल्या झलकीत झुंबरात विजेचे दिवे दिसले आणि टीकेची झोड उठली. टीका रास्तच होती. पण दिवा काढून टाकता येतो. खरी चूक कथेच्या मांडणीत आहे, आणि ती बरीच जुनी आहे.

३/ मूळ नाव कुडतोजी. मोगलांशी तह असताना ते मराठी पथकासह औरंगाबादेस होते. तह मोडण्याची चिन्हे दिसताच १६६९च्या अखेरीस ते फौजेसह सुखरूप परतले. फेब्रुवारी १६७२मध्ये साल्हेरला मोरोपंत पिंगळ्यांसह त्यांनी मोगलांचा खुल्या मैदानात पराभव केला. ही कामे बेभान माणसाची नव्हेत.

४/ एप्रिल १६७३. मराठ्यांनी नुकताच घेतलेला पन्हाळा परत मिळवण्यासाठी विजापूरचा बहलोलखान निघाला. आजच्या सांगली जिल्ह्यातील उमराणी (ता. जत) येथे प्रतापरावांनी त्याला गाठले आणि त्याच्या फौजेचे पाणी तोडले. जतच्या उन्हाळ्यात याचा अर्थ काय, हे तेथल्या कोणासही सांगावे लागणार नाही. खान शरण आला.

५/ प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. खान पुन्हा उलटला. सभासद लिहितो की महाराजांनी तह का केला म्हणून जाब विचारला आणि खानाला बुडवल्याखेरीज तोंड दाखवू नये, असे बजावले. खरे नाट्य येथे आहे : विजयी सेनापतीची दया आणि राज्याचे हित यांतील पेच.

६/ २४ फेब्रुवारी १६७४, नेसरी. सभासद तेथे मोठे युद्ध झाल्याचे सांगतो. सात स्वारांची धाव त्याच्याकडे नाही. ती संख्या येते इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याच्या एप्रिल १६७४च्या पत्रातून : दोन टेकड्यांमधील अरुंद वाटेत प्रतापराव आणि आणखी सहा स्वार पडले, उरलेल्या फौजेची मदत त्यांना मिळाली नाही.

७/ म्हणजे सातांचा आकडा निराधार नाही. पण सातच जण ठरवून हजारोंवर तुटून पडले, हे त्या पत्रात नाही. सहा जणांची नावेही त्यात नाहीत. कुसुमाग्रजांच्या कवितेने त्या क्षणाला अमरत्व दिले. कवीला तो अधिकार आहे. इतिहास सांगतो म्हणून चित्रपट काढणाऱ्याला मात्र कवितेपलीकडे जावे लागते.

८/ फौज खचली नाही. आनंदरावाने तिला सावरून खानाच्या मुलखावर नेले. पुढे कराडजवळच्या तळबीडचे हंबीरराव मोहिते सरनौबत झाले. १६८०मध्ये प्रतापरावांची कन्या जानकीबाई राजाराम महाराजांची पत्नी झाली. त्याच राजारामांच्या आज्ञेवरून सभासदाने जिंजीत बखर लिहिली.

९/ नेसरी दाखवावी, अवश्य दाखवावी. परंतु उमराणी वगळली की प्रतापरावांचा पश्चात्ताप केवळ संताप ठरतो आणि त्यांचे शौर्य केवळ अविचार. शौर्य म्हणजे विचार सोडणे, हा धडा मुलांना त्यांच्या नावाने दिला जाऊ नये. पाणी कोठे तोडावे हे ज्यांना अचूक कळत होते, त्यांचे नाव प्रतापराव.