कारखान्याबाहेर घडलेले वाद्य

जुन्या बास गिटारचा सौदा ठरतो तेव्हा गिऱ्हाईक ती आधी वाजवून पाहत नाही, उघडून पाहते. पिकअपचे सोल्डरिंग कारखान्यातलेच आहे का, नेकचे स्क्रू बदललेत का, रंग पहिलाच आहे की नंतर मारलेला, ब्रिजवरचे क्रोमचे झाकण सोबत आहे का, अशी तपासणी होते. यातले काही बदललेले आढळले की भाव चांगलाच उतरतो. वाद्य कारखान्यातून निघाले तेव्हाच ते पूर्ण झाले आणि त्यानंतर त्याला जो हात लागला तो नासधूस करणारा होता, अशी इतिहासाची एक समजूत या भावामागे आहे. पियानोबद्दल ती कदाचित खरी असेल. बास गिटारच्या बाबतीत मात्र ती उलटी आहे. या वाद्याचे जे आवाज आज आपण कान देताच ओळखतो, त्यांतले बहुतेक कारखान्याबाहेर जन्मले. ते वादकांच्या आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातून, रोजच्या कार्यक्रमांच्या आणि रेकॉर्डिंगच्या गरजेतून आले. कारखाने त्यांच्यामागून, कधी दहा तर कधी वीस वर्षांनी पोचले.

मुळात हे वाद्यच कार्यक्रमांच्या अडचणीतून आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या नाच-गाण्याच्या बँडमध्ये खालचे सूर डबल बास सांभाळत असे. माणसापेक्षा उंच असलेले हे वाद्य गाडीत मावत नसे आणि पितळी वाद्यांच्या गर्दीत ऐकू येत नसे. एक उपाय वाद्य न बदलता आहे त्यातच काही बसवण्याचा होता. एव्हरेट हल या वादकाने डबल बासच्या खालच्या खुंटीत मायक्रोफोन बसवण्याची युक्ती काढली. तिच्यावर 1940 च्या दशकात ‘अँपेग’ ही कंपनी उभी राहिली. त्याही आधी, 1936 च्या सुमारास, सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क याने भरीव लाकडाची, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेली, गिटारसारखी आडवी धरून वाजवायची विजेवरची बास बनवली होती. कल्पना म्हणून ती पूर्ण होती, पण तिचा प्रसार झाला नाही. 1951 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडरने ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली आणि ती टिकली.

ती का टिकली याचे एक कारण तिच्या बांधणीत आहे. फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. जे बिघडते ते उघडता आले पाहिजे, ही दुरुस्तीवाल्याची दृष्टी त्याने वाद्यात आणली. नेक डिंकाने चिकटवण्याऐवजी त्याने चार स्क्रूंनी बसवली. पिकअप आणि वायरिंग एका पातळ पट्टीखाली ठेवले. उत्पादन सोपे व्हावे आणि खराब भाग झटपट बदलता यावा, एवढाच त्याचा हेतू होता. परिणाम मात्र दूरवर गेला. ज्याच्या घरी स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न आहे असा कोणीही आता या वाद्याच्या पोटात हात घालू शकत होता. व्हायोलिनला असा हात घालायचा तर उमेदवारीची वर्षे लागत; इथे एक दुपार पुरेशी होती.

वादकांनी तो हात लगेच घातला. फेंडरचा अंदाज असा होता की लोक ही बास अंगठ्याने छेडतील. म्हणून बोटे टेकवायला त्याने सर्वात बारीक तारेच्या खाली एक लाकडी पट्टी बसवली. पिकअप आणि ब्रिज झाकायला क्रोमची झाकणे दिली आणि ब्रिजवरच्या झाकणाच्या आत नाद आवरायला स्पंज लावला. पण वादक पहिल्या दोन बोटांनी वाजवू लागले. झाकणे हाताला आडवी येऊ लागली, तेव्हा अनेकांनी ती काढून ठेवली. खालच्या पट्टीचा उपयोग उरला नाही. शेवटी 1970 च्या दशकाच्या मध्यावर कंपनीने ती पट्टी जाड तारेच्या बाजूला हलवली, म्हणजे बोटांनी वाजवणारा अंगठा टेकवतो तिथे. वाद्य कसे धरायचे आणि कसे छेडायचे ही अगदी पहिली गोष्टसुद्धा वापरणाऱ्यांनी ठरवली आणि बनवणाऱ्याला ती कळायला वीस वर्षे लागली.

बास विकत घेण्याचा इतिहासही हेच सांगतो. जे हवे ते सगळ्यांना मिळत नसे, म्हणून जे मिळाले त्याला हवे तसे करावे लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने डॉलर वाचवण्यासाठी अमेरिकी मालाच्या आयातीवर निर्बंध घातले. 1959 पर्यंत तिथल्या पोरांना फेंडर गिटार बहुधा चित्रातच दिसे. निर्बंध उठल्यावरही किंमत परवडत नव्हती. 1961 साली हँबुर्गमध्ये ‘बीटल्स’च्या पॉल मॅकार्टनीने जर्मन बनावटीची हॉफनर घेतली, ती सुमारे तीस पौंडांना मिळाली म्हणून. शिवाय तिचा आकार दोन्हीकडून सारखा असल्याने डावखुऱ्याच्या हातात ती विचित्र दिसत नव्हती. त्याच वर्षी, पुढे ‘रोलिंग स्टोन्स’मध्ये गेलेल्या बिल वायमनने एक स्वस्त बास घेतली, करवतीने तिचा आकार कमी केला आणि नवे फ्रेट घालायचे म्हणून जुने उपटून काढले. मग तसाच आवाज आवडला, म्हणून नवे घातलेच नाहीत. ‘द हू’चा जॉन एंटविसल सांगत असे की डॅनइलेक्ट्रो बासच्या बारीक, खणखणीत तारा त्याला हव्या होत्या. त्या सुट्या मिळत नव्हत्या, म्हणून तार तुटली की तो नवी बासच विकत घेई. या अडचणीवर उपाय 1966 मध्ये निघाला. त्याने लंडनच्या रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून जाड तारांवर गोल वेढे असलेला संच तयार करवून घेतला. रॉक संगीतातल्या बासचा धातूसारखा करकरीत आवाज या संचातून आला.

भारतात निर्बंधांचा काळ याहून लांब होता. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात डबल बासच्या जोडीला बास गिटार आली आणि राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी तिला ठळक जागा मिळवून दिली. पण 1991 पर्यंत आयात परवाने आणि जबर जकात यांमुळे परदेशी वाद्य दुकानातून घेणे बहुतेक वादकांच्या आवाक्याबाहेर होते. नवे सहज मिळत नाही तिथे हातातल्या वाद्याची डागडुजी ही हौस राहत नाही. पुढची सुपारी घ्यायची तर ती करावीच लागते.

आता पहिला आक्षेप घेऊ. कारखाने इतके मागे होते, तर फ्रेट नसलेली बास अँपेगने 1966 मध्येच कशी काढली आणि फेंडरने 1970 मध्ये कशी विकायला ठेवली? फ्रेट नसलेल्या बासचा आवाज सर्वतोमुखी करणाऱ्या जॅको पास्टोरियसचे नाव तर 1976 नंतर गाजले. मुद्दा रास्त आहे, पण तो पुरता तपासला पाहिजे. त्या कारखानी वाद्यांमधून तो आवाज आला नव्हता. फ्लोरिडाच्या पास्टोरियसकडे 1962 सालची फेंडरची जॅझ बास होती. तिचे फ्रेट कोणी काढले याच्या त्याने स्वतःच वेगवेगळ्या कथा सांगितल्या, पण पुढचे काम निश्चित आहे. खाचा लाकडी लांबीने भरल्या आणि फिंगरबोर्डवर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचे थर चढवले. कारण तो रोटोसाउंडच्या गोल वेढ्यांच्या तारा वापरत होता आणि त्या फ्रेट नसलेले लाकूड कानशीसारख्या खात. लंडनमधल्या एका वादकाच्या गरजेतून निघालेल्या तारेने फ्लोरिडातल्या दुसऱ्यापुढे अडचण उभी केली. तिच्यावर शोधलेल्या उपायातून, टणक पृष्ठभागावर घसरणाऱ्या तारेचा, गळ्यातून निघाल्यासारखा लांबलेला सूर तयार झाला. फ्रेट नसलेले वाद्य कारखान्याने दिले होते हे खरे. त्याचा आवाज मात्र दोन फेरफारांच्या गाठीतून निघाला. 1999 मध्ये फेंडरने पास्टोरियसच्या नावाने बास काढली, तेव्हा इपॉक्सीचा थर कंपनीनेच चढवून दिला.

वायरिंगची कथाही याच वळणाने गेली. मोठ्या सभागृहांचा आणि उघड्या मैदानांचा काळ आला, तसे अँप्लिफायर वाढले. 1969 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यात अँपेगचा 300 वॉटचा राक्षसी संच उतरला. आवाज एवढा वाढल्यावर वाद्यातले दोषही वाढून ऐकू येऊ लागले: पिकअपची गुणगुण, लांब केबलमध्ये हरवणारे वरचे सूर, एकमेकांत मिसळून जाणारे खालचे सूर. सॅन फ्रान्सिस्कोजवळ ‘ग्रेटफुल डेड’ या बँडभोवती जमलेल्या तंत्रज्ञांनी बासवादक फिल लेश आणि जॅक कॅसडी यांच्या गिल्ड बास उघडून त्यांत बॅटरीवर चालणारी सर्किट बसवली. त्यांच्या कार्यशाळेचीच पुढे ‘अलेंबिक’ कंपनी झाली. 1965 मध्ये आपली कंपनी सीबीएसला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकलेल्या लिओ फेंडरने पुढे ‘म्युझिक मॅन’मधून 1976 साली स्टिंगरे बास आणली, तेव्हा असे सर्किट मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनात आले. न्यूयॉर्कमध्ये रॉजर सॅडोस्की याने स्टुडिओत वाजवणाऱ्यांच्या जॅझ बासमधली गुणगुण कमी करून त्यांत असेच सर्किट, म्हणजे प्रीअँप, बसवायला सुरुवात केली. बासवादक मार्कस मिलरची 1977 सालची बास त्याच्याच हातून बदलली गेली आणि तिचा चकचकीत आवाज पुढच्या दशकाच्या रेकॉर्डिंगवर पसरला. 1998 मध्ये फेंडरने मिलरच्या नावाची बास काढली, तिच्यातही प्रीअँप होता. नेहमीच्या चार तारांखाली वाढवलेल्या ‘बी’ तारेचे असेच झाले. 1970 च्या दशकाच्या मध्यावर बासवादक अँथनी जॅक्सनने कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांची बास खास करवून घेतली, ती अनेकांना वेडेपणा वाटली. पुढे सिंथेसायझर नेहमीच्या बासच्या 41 हर्ट्झच्या ‘ई’ खाली उतरू लागले, तेव्हा वादकांनाही सुमारे 31 हर्ट्झपर्यंत जाणारी पाचवी तार हवीशी झाली आणि ती दुकानादुकानात दिसू लागली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बास गिटारचा सर्वात प्रभावी वादक कोण असे विचारले, तर पुष्कळ जाणकार डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनचे नाव घेतील. त्याने तर काहीच बदलले नाही. त्याची 1962 सालची प्रिसिजन बास कारखान्यातून आली तशीच होती. तो जुन्या ताराही बदलत नसे. मग कारखान्याचे वाद्य पुरेसे नव्हते असे कसे म्हणावे? उत्तर त्या न बदललेल्या तारांतच आहे. सपाट वेढ्यांच्या जाड तारा वर्षानुवर्षे तशाच ठेवल्याने मंदावल्या. त्या फिंगरबोर्डपासून इतक्या उंच होत्या की दुसऱ्याला वाजवणे कठीण जाई. जेमर्सन डबल बासवरून आलेला. ती उंची आणि एकाच बोटाने छेडण्याची रीत तो तिथून घेऊन आला होता. ब्रिजच्या झाकणाखालचा स्पंजही त्याने राहू दिला. काय काढायचे, काय ठेवायचे आणि काय जुने होऊ द्यायचे, हे त्याचे निर्णय होते. लॉस एंजलिसमध्ये कॅरल के हिने उलट निर्णय घेतले: बोटांऐवजी पिक आणि तारांवर फेल्टचा तुकडा. दोघांच्या हातात प्रिसिजन बासच होती. एकाच कारखान्याच्या मॉडेलमधून इतके वेगळे आवाज निघत असतील, तर त्या आवाजांचे श्रेय मॉडेलला देता येत नाही.

तिसरा आक्षेप हिशेबाचा आहे. यशस्वी फेरफारच आपल्या लक्षात राहतात. कुणीतरी छिन्नीने खड्डा पाडून बिघडवलेल्या बासची नोंद कुठेच नाही, आणि अशा बास यशस्वी प्रयोगांपेक्षा कितीतरी जास्त असणार. शिवाय अस्पर्श वाद्य हा दस्तऐवज आहे. 1951 मध्ये लाकूड कसे कापत आणि पिकअपवर वेढे कसे देत, हे तोच सांगतो. दोन्ही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. 1950 च्या दशकातली टिकून राहिलेली प्रिसिजन बास आज कापायला घेणे शहाणपणाचे नाही. तो साठा वाढणारा नाही आणि तीच कामगिरी आज सुट्या भागांतून करता येते. पण यातून निघतो तो जतनाचा युक्तिवाद. फेरफार ही वाद्याच्या इतिहासाची विकृती होती, हे त्यातून सिद्ध होत नाही. फुकट गेलेले प्रयोग तर प्रयोगशाळेतही असतात. इथली प्रयोगशाळा कारखान्याबाहेर होती, एवढाच फरक. आणि कारखान्याने तरी पहिले रूप अंतिम कुठे मानले? 1957 पर्यंत फेंडरने पिकअप दुभागून गुणगुण मारली, डोके बदलले, अंगाच्या कडा घासल्या. वादकांच्या तक्रारी ऐकून केलेली ती फेरफारच होती. तिच्यावर कंपनीचे नाव असल्यामुळे संग्राहक तिला मूळ रूप म्हणतात.

1990 च्या दशकापासून खुद्द कंपनी मुद्दाम खरचटवलेली, रंग उडवलेली नवी वाद्ये जास्त दराने विकते. वापराच्या खुणांना मोल आहे हे बाजाराने कबूल केले, पण खऱ्या वापरातून झालेल्या बदलाला तो अजून दंड लावतो. या विसंगतीचा एक फायदा मात्र आहे. पिकअप बदललेली, पुन्हा रंगवलेली जुनी बास संग्राहक नाकारतो, म्हणून ती स्वस्त होते आणि आठवड्याला चार कार्यक्रम करणाऱ्याला परवडते. तिची मूळ अवस्था आधीच गेलेली असल्याने तिच्यात पुढचा बदल करायला त्याचा हात अडखळत नाही. या वाद्याला ज्यांनी आवाज दिला, त्याच वर्गाच्या हाती ते अजून पोचते, आणि ते पोचवण्याचे काम संग्राहकाचा नकारच करतो.